राजापूर रोड

राजापूर रोड स्टेशनावर उतरलेला माणूस राजापुरात पोचलेला नसतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बँकेच्या बदलीच्या हुकमात नुसतं 'राजापूर' होतं आणि रेल्वेच्या तिकिटावर 'राजापूर रोड'. त्यातला 'रोड' मी आडनावासारखा धरला. भल्या पहाटे गाडीतून उतरलो, फलाटावरची पिवळी पाटी डोळे भरून पाहिली आणि नगरला बायकोला फोन लावून सांगितलं, "पोचलो." मग बाहेर येऊन रिक्षावाल्याला म्हटलं, "गावात सोड." त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दोन बॅगांकडे, आणि विचारलं, "गावात म्हंजे राजापुरात? ता लांब हाय ओ, साहेब."

लांब म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर. वळणं, चढ, उतार, पुन्हा वळणं. गाव आलं तेव्हा उजाडलं होतं, आणि मी घरी 'पोचलो' म्हणून सांगितल्याला चांगला तास उलटून गेला होता.

पुढे कळलं की स्टेशनाच्या नावात 'रोड' असलं की समजायचं, हे गाव नव्हे. गावाकडे जायचा रस्ता इथून फुटतो, एवढंच. रेल्वे या बाबतीत प्रामाणिक आहे. ती पाटीवरच लिहून टाकते. माणसांच्या पाट्यांवर एवढा खुलासा नसतो. माझ्या पाटीवर 'ख्रिस्ती' असं लिहिलेलं होतं. चार पिढ्यांपासूनची पाटी, अक्षर ठळक, रंग दर नाताळाला नवा.

आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आणला तो पणजोबांनी. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पणजोबा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्या वाटेला लागले. त्यापायी त्यांचं गाव सुटलं, भाऊबंद सुटले, विहिरीचं पाणी सुटलं. आजोबांचं काही सुटलं नाही, पण त्यांनी खेड्यापाड्यांत मास्तरकी करत चपला झिजवल्या. वडिलांनी देवळात डाव्या हाताचं, पंख्याखालचं तिसरं बाक आमच्या घराण्याकडे राखलं आणि तिथे परका माणूस बसला की दुसरं गीत होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची प्रथा पाडली. आणि मी? मी वर्गणी वेळेवर भरली. चार पिढ्यांत धर्म विहिरीपासून पावतीपर्यंत असा येऊन पोचला.

राजापूरला निघण्याआधी मी पाळकसाहेबांना सलाम करायला गेलो, तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे मला एक पत्र दिलं. सभासद परगावी चालला की तिथल्या मंडळीला द्यायचं हे पत्र. 'हे बंधू आमच्या मंडळीचे चांगल्या स्थितीतील सभासद असून आपण त्यांचा प्रेमाने स्वीकार करावा.' खाली सही आणि जांभळा शिक्का. 'चांगल्या स्थितीतील' हे शब्द जुनी मोटारसायकल विकताना लिहितात, त्यामुळे मला जरा गुदगुल्या झाल्या. पण पत्र मी नीट घडी करून फायलीत ठेवलं. फायलीत तेव्हा तीन कागद होते: बदलीचा हुकूम, गॅस सिलिंडरचं कनेक्शन बदलायचं व्हाउचर आणि हे. पहिले दोन आठवडाभरात कामी आले. तिसरा द्यायचा कुणाला?

कारण माझ्या मंडळीचं देऊळ जवळपास नव्हतं. पहिल्या रविवारी मी सवयीने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, उपासना-संगीताचं पुस्तक आणि शास्त्र काखेत मारलं आणि दारात येऊन उभा राहिलो. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला जायचं कुठेच नाही. ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या घरमालकीण काकू म्हणाल्या, "कुठे निघालात एवढे सजून?"

"कुठे नाही."

"मग शर्ट कशाला खराब करताय?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सुपात बघायला लागल्या.

खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन महिने मजेत गेले. रविवारची सकाळ ही एवढी मोठी असते हे मला पन्नाशीच्या घरात पोचल्यावर कळलं. उशिरा उठावं, मासळी बघायला जावं, अर्जुना नदीच्या कडेने रमतगमत फिरावं. दहाच्या सुमारास बायकोचा फोन येई. "अहो, देवळात गेलात का?" मी म्हणे, "इथे कुठलं देऊळ? पण मनाने तिथेच आहे." हे 'मनाने' फार सोयीचं असतं. देव मानतो पण देवळात जात नाही, असं सांगणारे लोक मला पूर्वी नास्तिकांचे धाकटे भाऊ वाटायचे. आता मी त्यांच्यातलाच झालो, आणि त्या गोटात गर्दी किती आहे आणि सगळे किती निवांत आहेत, हे पाहून थक्क झालो.

या फिरण्यात एकदा इंग्रजांच्या वखारीची गोष्ट निघाली. राजापूर त्या काळी मोठं बंदर. सतराव्या शतकाच्या मध्याला ईस्ट इंडिया कंपनीने इथे वखार घातली. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा इथला वखारप्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला आणि तिथे चक्क इंग्रजांचं निशाण लावून त्याने गडावर मारा केला. शिवाजी महाराजांनी ते निशाण लक्षात ठेवलं. १६६१ साली राजापूर लुटलं, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसाहेबांना सोबत्यांसह कैदेत घातलं. ही गोष्ट राजापुरात कुणीही सांगतो. पण मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या शतकात कंपनीच्या काही वखारींत प्रार्थनेला गैरहजर राहणाऱ्या नोकराला दंड करायचे नियम होते. दंडाची रक्कम गरिबांसाठी. म्हणजे सकाळी प्रार्थनेची हजेरी लावायची, दुपारी दारूगोळा विकायचा, आणि दोन्हीच्या नोंदी त्याच टाकाने. आज आपण हसतो. पण मी बँकवाला आहे, मला ती वही ओळखीची वाटते. हजेरी टिपता येते, म्हणून टिपली जाते. बाकीचं कुठल्या रकान्यात लिहिणार?

बँकेवरून आठवलं. बचत खात्यात दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर ते खातं निष्क्रिय धरतात. राजापूरच्या शाखेत अशी खाती ढिगाने. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची. कुणी सुट्टीत येऊन तावातावाने म्हणे, "निष्क्रिय कसं? ही बघा, दर सहामाहीला व्याजाची नोंद पडलीय!" मग त्याला चहा देऊन समजवायचं, की बाबा रे, व्याज बँकेने स्वतःहून घातलेलं आहे. तो तुझा व्यवहार नव्हे. तू स्वतः येऊन निदान शंभर रुपये काढ किंवा घाल. हे मी दिवसातून दोनदा सांगत असे. एका संध्याकाळी सांगता सांगता मध्येच थांबलो. समोरच्या चाकरमान्याला वाटलं, साहेबांना ठसका लागला. मला पणजोबांची विहीर आठवली होती. मुद्दल त्यांचं, पडत आलेलं व्याज त्याच्यावरचं, आणि पासबुक दाखवत फिरतोय मी.

पावसाळा लागला. कोकणातला पाऊस देशावरच्या माणसाला एकतर वाचायला लावतो किंवा प्यायला. माझ्या घराण्यात दुसऱ्याची परवानगी नसल्यामुळे मी वाचायला लागलो, आणि त्यात पंडिता रमाबाई भेटल्या.

तशा त्या लहानपणापासून भिंतीवर होत्याच. आमच्याकडे ना. वा. टिळकांची आणि रमाबाईंची तसबीर नसलेलं घर सापडणं कठीण. पण तसबिरीतल्या रमाबाई काही बोलत नाहीत, आणि खऱ्या रमाबाई फार बोलतात. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक, पुराणं मुखोद्गत असलेली, १८८३ साली इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे लेकीसह तिने बाप्तिस्मा घेतला. झालं, पाटी लागली. तिथल्या मठातल्या बायकांना वाटलं, आता ही आपली. आपण सांगू ते मानील. सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्या बिचाऱ्यांचं पुढचं आयुष्य पत्रं लिहिण्यात गेलं असावं. कारण बाप्तिस्म्याचं पाणी वाळतं न वाळतं तोच रमाबाईंचे प्रश्न सुरू झाले. हा मतांगीकार मी जसाच्या तसा का म्हणायचा? हे शास्त्रात कुठे आहे? बिशपांचं ऐकायचं ते ते बिशप आहेत म्हणून, की त्यांचं बरोबर आहे म्हणून? मांसमच्छी खाल्ली नाही तर येशूचं काय बिघडतं? क्रुसावर शब्द कोरायचे तर लॅटिनच का, माझ्या देशाची संस्कृत काय वाईट आहे?

हे शेवटचं वाचलं तेव्हा मी राजापूरच्या त्या गळक्या खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. शेंडीच्या जाचातून सुटून आलेली बाई बिशपाच्या टोपीखाली मान द्यायला तयार नव्हती, आणि ते तिने साफ कळवून टाकलं होतं. जुन्या भटजींचं जोखड महाप्रयासाने उतरवलं ते नव्या भटजींचं घालून घ्यायला नव्हे, असा त्या पत्राचा सूर. तिकडच्या पंथांची गर्दी बघून तर त्या चक्रावल्याच: ख्रिस्त एक, देवळं पन्नास, आणि प्रत्येक देवळाची पाटी शेजारच्या देवळाकडे पाठ करून.

पण मला गप्प केलं ते यातल्या कशानेही नाही. १९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष लिहून छापली. त्यात त्या सांगतात की बाप्तिस्मा घेतल्यावर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळालाय, ख्रिस्त मिळालेला नाही. आठ वर्षं! मधल्या काळात त्या अमेरिकेला जाऊन व्याख्यानं देऊन आल्या होत्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं होतं, विधवा मुलींसाठी स्वतःचा जीव पाखडत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला त्यांच्या ख्रिस्तीपणात काय उणं दिसणार? आणि बाई स्वतःच लिहितात, की नाही, मी अजून स्टेशनातच होते. (स्टेशन हा शब्द माझा. त्यांच्या काळी कोकण रेल्वे नव्हती.)

त्यांना हे उमगलं कसं, तेही मजेदार आहे. विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा हॅसलम कॉर्नवॉल परगण्यात बाल्डू नावाच्या खेड्यात पाद्री होता. चांगला शिकलेला, देऊळ बांधलेलं, पोशाख कडक. १८५१ साली एका रविवारी तो उपदेश करायला उभा राहिला. शास्त्रातला उतारा परूश्यांचा. धर्म तोंडपाठ असलेल्या, पण ख्रिस्ताला न ओळखलेल्या लोकांचा. बोलता बोलता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, हा परूशी मीच की! आणि तो स्वतःच्याच प्रवचनाने बदलून गेला. समोर बसलेला एक उपदेशक उभा राहून ओरडला, की पाद्री पालटला! पाद्रीच पालटला! देवळात एकच गोंधळ.

मी आजवर ऐकलेली प्रवचनं मोजली. वर्षाला पन्नास धरली तरी दोन हजारांवर जातात. इतक्या प्रवचनांत ज्याला ते लागू पडतं तो माणूस नेहमी माझ्या पुढच्या बाकावर बसलेला असायचा. कधी तो जोशीमास्तरांसारखा दिसायचा, कधी कमिटीतल्या विरोधी गटातला असायचा. निवडणुकीच्या आदल्या रविवारी तर सबंध प्रवचन त्या गटालाच उद्देशून आहे असं मला वाटे, आणि त्यांना ते आम्हाला उद्देशून आहे असं वाटे, आणि दोन्ही गट पाळकसाहेबांना दारात मनापासून म्हणत, "आज फार छान बोललात."

टिळकांची तऱ्हा उलटी. नारायण वामन टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. कवितेवर गप्पा झाल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि म्हणाला, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. त्या माणसाचं नाव-गाव टिळकांना कधीच कळलं नाही. कुठल्या मंडळीचा, कुठल्या पंथाचा, वर्गणी थकलेली की भरलेली, काही पत्ता नाही! माझ्यासारख्याने आधी आपलं पत्र काढून दाखवलं असतं. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मन आधी गेलं, नाव मागाहून. घरात त्यामुळे जो प्रलय झाला तो लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिला आहे आणि तो त्यांच्याकडूनच ऐकावा. त्या स्वतः पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. नवरा झाला म्हणून नव्हे, त्यांचं त्यांना पटलं तेव्हा.

मला टिळक चाट पाडतात ते शेवटच्या वळणावर. आमच्या नगरात त्यांनी वर्षानुवर्षं मिशनची नोकरी केली. आमच्या उपासना-संगीतातून त्यांची गीतं काढली तर आमच्या रविवारच्या सकाळी ओस पडतील. असा माणूस १९१७ साली मिशनचा पगार सोडतो, साताऱ्याला जाऊन राहतो आणि 'देवाचा दरबार' मांडतो. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले येऊ शकत होते आणि न झालेलेही. ज्याला ख्रिस्ताच्या मागे जायचं त्याने यावं. शिक्क्याचं नंतर बघू. लोकांनी नाकं मुरडली. माझ्या आजोबांनीही मुरडली असणार. शिक्क्याचं नंतर बघू म्हटल्यावर रजिस्टर लिहिणाऱ्याने करायचं काय? दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक गेले.

एवढं वाचूनही मी होतो तिथेच होतो, हे कबूल करतो. वाचनानं माणूस हुशार होतो, आणि हुशार माणसाला आपल्यात काय कमी आहे यावर उत्तम भाषण करता येतं. मीही काकूंना एक केलं. मंडळी कशाला हवी, देवळं कशाला हवीत, टिळक बघा, रमाबाई बघा. काकू फणसाचे गरे काढत होत्या. हाताला तेल, समोर कोयती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गंगा आली की तुम्हाला नेते."

राजापूरची गंगा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. उन्हाळे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरावर चौदा कुंडं आहेत. एरवी कोरडी. साधारण तीन वर्षांनी एकदा वडाच्या मुळापाशी पाणी फुटतं, कुंडं भरतात, काही महिने वाहतात आणि जसं आलं तसं निघून जातं. अलीकडे तर ती कधीही येते, कधीही जाते. तिला वेळापत्रक विचारण्यात अर्थ नाही. जमिनीखालच्या वक्रनलिकेचं तत्त्व सांगणारे शास्त्रज्ञ आहेत आणि सांगू नका म्हणणारे भाविक आहेत. माझ्या दुसऱ्या वर्षी एक दिवस शाखेचा शिपाई दारातूनच ओरडला, "साहेब, गंगा आली!" आणि काउंटरपुढची निम्मी रांग तशीच वळून रस्त्याला लागली.

काकूंनी मला नेलं. माणसंच माणसं. ओली धोतरं, तांबे, लेकरांचा कालवा, काशीकुंडावर रेटारेटी. मी ख्रिस्ती माणूस जरा बाजूला उभा. काकू ओल्या पदराने परत आल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही देवळं कशाला हवीत विचारत होतात ना?"

"बरं."

"अहो, तीन वर्षं ही कुंडं कोरडी असतात. पालापाचोळा साठतो, तो लोक काढतात. तेव्हा कोणी म्हणालं का, की पाणी नाही तर मोडून टाका? ती आली की राहील कुठे?" आणि मग, मी काहीतरी सुचून बोलायच्या आत, "पण कोरड्या कुंडात उभं राहून आंघोळ झाली असं म्हणणारा मात्र मी आजवर एकही बघितला नाही."

माझ्या शर्टाची इस्त्री कडक होती. मी तिच्याकडे बघितलं.

आता त्या रात्रीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जुलै महिना. दोन दिवस धो धो कोसळत होता. अर्जुना आणि कोदवली दोन्ही नद्या फुगल्या, जवाहर चौकात पाणी आलं. राजापूरला याची सवय आहे. दुकानदार फळ्या काढून माल माडीवर चढवतात आणि पाण्याच्या पायऱ्या मोजत बसतात. वीज गेलेली. काकूंचा भाचा कोल्हापूरहून भाजीचा टेम्पो घेऊन अणुस्कुरा घाटाने निघाला होता. संध्याकाळी यायचा तो नऊ वाजले तरी नाही. फोन लागत नव्हता. घाटात दरड आली म्हणून कुणीतरी सांगून गेलं होतं.

काकूंनी देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. कोकणातलं गाऱ्हाणं ज्याने ऐकलं नाही त्याला सांगणं कठीण. त्यात आर्जव असतं, हक्क असतो आणि थोडी दमदाटीही. घरातल्या कर्त्या, पण विसराळू म्हाताऱ्याशी बोलावं तसं. मग त्या कंदील घेऊन माझ्या दारात आल्या. "तुमच्याही देवाला सांगा. एकाला दोघे बरे."

मी "हो" म्हटलं आणि दार लोटलं. गुडघे टेकले, तेवढं येत होतं. प्रभूची प्रार्थना म्हटली. ती अर्ध्या मिनिटात संपली. पुढे काय? पुढे मला काहीच येत नव्हतं. देवळात प्रार्थना पाळकसाहेब करायचे आणि मी शेवटी आमेन म्हणायचो. म्हणजे दुसऱ्याच्या अर्जावर जामीनदाराची सही. अर्ज कधी स्वतः भरलेलाच नाही. चार पिढ्यांची ख्रिस्ती खानदानी, दोन हजार प्रवचनं, चांगल्या स्थितीतला सभासद, आणि एका भाच्यासाठी चार शब्द जुळत नव्हते. पलीकडून काकूंचा आवाज येत होता. त्यांचं गाऱ्हाणं अजून संपलंच नव्हतं. शेवटी मी त्यांचीच चाल धरली. प्रभू, म्हटलं, ही बाई म्हणते तुला सांग, म्हणून सांगतो. भाचा घाटात आहे. टेम्पो आहे, पांढरा. तो येऊ दे. मी तुझ्याशी आजवर बोललो नाही, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय, पण त्याचा राग त्याच्यावर काढू नकोस. असंच काहीबाही. भाषा शास्त्रातली नव्हती, व्याकरणही बरं नव्हतं. पाऊस कौलांवर इतका वाजत होता की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. गुडघे बधिर झाले तेव्हा उठलो.

भाचा सकाळी नऊला आला. दरड पडायच्या कितीतरी आधी तो घाट उतरला होता, आणि पुढे रस्त्यावर पाणी म्हणून पाचलला मित्राकडे थांबला होता. रात्री कोंबडी खाऊन तो गाढ झोपला होता. माझ्यातल्या बँकवाल्याने लगेच हिशेब मांडला: आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो तेव्हा संकट मुळात नव्हतंच. काकूंना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मग! सांगितलं म्हणूनच तर त्याला थांबायची बुद्धी झाली." वेळेचं गणित मी पुन्हा समजावून सांगू लागलो, तर त्यांनी माझ्यापुढे घावण्यांची ताटली ठेवली. श्रेयाची वाटणी त्यांनी निम्मी-निम्मी केली होती. व्हाउचरशिवाय जमा झालेली अशी रक्कम आम्ही संकीर्ण खात्यात टाकतो. मी घावणे खाल्ले.

तिथून काकूंनी मला धरलंच. रोज सकाळी ओटीवरून विचारणा: "काल सांगितलंत का?" आधी स्वतःचा गुडघा. मग शेजारच्या मुलीची दहावी. मग कोपऱ्यावरचा वाकलेला विजेचा खांब, ज्याच्याबद्दल त्यांच्या देवांनी आणि वीज कंपनीने दोघांनीही हात टेकले होते. एखाद्या दिवशी मी विसरलो की मला खोटं बोलता येत नसे आणि त्या नुसतं "हं" म्हणत. त्या 'हं'च्या धाकाने मी रोज रात्री बसू लागलो. काकूंची यादी संपली की आपोआप माझी सुरू व्हायची. ती आश्चर्य वाटावं इतकी लांब निघाली. यादी संपली तरी उठावंसं वाटायचं नाही, असंही काही रात्री झालं. त्याबद्दल मला जास्त बोलता येत नाही.

तीन वर्षांनी बदली झाली. आवराआवर करताना फाइल सापडली. कोकणच्या ओलीने पत्राला करड्या बुरशीचा नकाशा काढला होता. पाळकसाहेबांची सही विरघळली होती आणि शिक्क्याचा जांभळा रंग 'चांगल्या स्थितीतील' या शब्दांवर पसरून ते वाचता येईनासे झाले होते. नगरला आल्यावर पहिल्याच शनिवारी मी ते परत नेऊन दिलं. पाळकसाहेबांनी दोन बोटांनी धरून उजेडात पाहिलं.

"हे तर तिकडे द्यायचं होतं."

"द्यायला कोणी नव्हतं."

"मग तीन वर्षं तुम्ही कुठल्या मंडळीत होतात?"

मला एकदम काही सुचलं नाही. त्यांनी रजिस्टर काढून माझं नाव पुन्हा चालू केलं. मागची वर्गणी भरावी लागली. मी पावती घेतली.

रविवारी तिसऱ्या बाकावर पंख्याखाली बसलो. परका कोणी नव्हता. गीत टिळकांचं होतं. ते मला लहानपणापासून पाठ होतं आणि त्या दिवशी दोन कडव्यांनंतर पुढचं म्हणता येईना, म्हणून ओठ मिटून उभा राहिलो. प्रवचन झालं. मग पाळकसाहेब म्हणाले, कोणा बंधुभगिनीला प्रार्थना करावीशी वाटली तर करावी. आमच्याकडे हे दर रविवारी म्हणतात आणि दर रविवारी सगळे खाली बघून घड्याळ चाचपतात. मी उठलो. बायकोने माझा शर्ट ओढला. तिला वाटलं मला बरं वाटत नाहीये. मी काकूंच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. खांबासाठीही केली, तो अजून वाकलेलाच होता.

बाहेर आल्यावर कमिटीचे चिटणीस वही घेऊन जवळ आले. आजाऱ्यांच्या भेटीची यादी त्यांच्याकडे असते.

"काकू कोण हो? आपल्या सभासद आहेत का?"

"नाही. राजापूरच्या."

"राजापूर म्हणजे ते कोकण रेल्वेवरचं? मागे गोव्याला जाताना बघितलंय."

"ते स्टेशन," मी म्हटलं. "गाव तिथून जरा लांब आहे."